इंगोले मॅडमची हमी

गणिताच्या बाईंना विद्यार्थ्यांनी घाबरावं, अशी जगाची अपेक्षा असते. आमच्या अमरावतीच्या कॉलेजात इंगोले मॅडमना विद्यार्थी मुळीच घाबरत नसत. घाबरायचे ते प्राचार्य. त्यांनी दर उन्हाळ्यात माहितीपत्रकात छापून घ्यायचं, की एम.एस्सी. अप्लाइड मॅथेमॅटिक्स केल्यावर उज्ज्वल भवितव्याची दारं उघडतात. आणि मॅडमनी प्रवेशाच्या टेबलावर बसून, त्यातली कोणकोणती दारं आतून बंद आहेत, ते खणखणीत आवाजात पालकांना सांगायचं.

दर्यापूरकडचे एखादे काका पोराला घेऊन यायचे, रुमालानं घाम पुसत विचारायचे, "मॅडम, याले स्कोप काय हाय?"

मॅडम चष्मा कपाळावर चढवायच्या. ही धोक्याची खूण.

"पाहा भाऊ. प्राध्यापकी म्हणान, तर जागा निघत नाहीत. निघाल्या तर नेट-सेट पाहिजे, अन् ते झाल्यावर नशीब पाहिजे. तोवर तासावर शिकवा. शाळेत लागायचं असन तर बी.एड. करा, आमच्याकडे कायले येता? विम्याच्या कंपनीत काम लय चांगलं हाय, पण त्याईच्या परीक्षा देता देता पोट्ट्याचे केस जातात. कम्प्युटरवर काम हाय, पण त्याले प्रोग्रामिंग आलं पाहिजे, अन् ते आमच्या सिलॅबसात चटणीएवढं हाय. बाकी हवामान, दवाखाने, बँका, जंगल, सगळ्याईले गणितवाला पाहिजे. फक्त त्याईले अजून ते माहीत नाही."

काकांचा चेहरा पडायचा. पलीकडच्या टेबलावरचे केमिस्ट्रीचे सर हळूच एक खुर्ची पुढे ओढून ठेवायचे. आणि प्राचार्य मला बोलावून दबक्या आवाजात सांगायचे, "सर, इंगोले मॅडमना चहाला न्या. पालक गेल्याशिवाय आणू नका."

मी मराठी शिकवायचो. गणिताशी माझे संबंध दहावीतच संपले होते, तेही समजुतीनं. पण प्राचार्यांच्या कृपेनं मॅडमबरोबर मी इतका चहा प्यालो, की आमची दोस्ती झाली. त्या मला 'कविराज' म्हणायच्या. मी जन्मात कविता केलेली नाही, हे मी सांगून पाहिलं. "मराठीवाला अन् कविता करत नाही? मंग दिवसभर काय करून राहता हो तुमी?" मी आणखी एक चहा मागवला.

दिसायला एवढीशी बाई. सुती पातळ, खांद्याला बियाण्याच्या कंपनीची पिशवी, तिच्यात डबा, छत्री आणि स्वतःचे खडू. कॉलेजच्या खडूंवर त्यांचा विश्वास नव्हता. राहायला अकोल्याला, एकट्याच. लेक नाशिकला. रोज गाडीनं अपडाऊन करायच्या. बोलणं ठेवणीतलं नव्हतंच. वर्गात समीकरण शुद्ध आणि भाषा अस्सल वऱ्हाडी. "मी जातो, मी येतो, मी करून टाकतो," असंच म्हणायच्या, आमच्याकडच्या बायका म्हणतात तसं. एकदा पुण्याहून आलेले पाहुणे प्राध्यापक हे ऐकून गोंधळले आणि मला कानात म्हणाले, "बाई स्वतःला पुल्लिंगी का समजतात?" मी म्हटलं, "तुम्ही विचारून बघा." त्यांनी विचारलं नाही. शहाणे होते.

मॅडमचं पेटंट वाक्य होतं, "धरून चालू." गणितात म्हणे आधी काहीतरी धरून चालावं लागतं, त्याशिवाय पाऊलच पुढे पडत नाही. त्यांनी ते संसारालाही लावलं होतं. मे महिन्याच्या मीटिंगमध्ये कूलर बंद पडला, की सगळे शिपायाच्या नावानं ओरडायचे, मॅडम डोळे मिटून म्हणायच्या, "धरून चालू का थंड हाय. चला, पुढचा विषय." प्राचार्यांचं भाषण लांबलं की माझ्याकडे झुकून, "धरून चालू का संपलं," आणि पिशवी उचलून चालू पडायच्या. रांगांचं शास्त्र हा त्यांचा खास विषय. कोणत्या खिडकीवर किती माणसं येतात, थांबायला किती लागतं, यावर तासन्‌तास शिकवायच्या. आणि स्टेशनवर, बँकेत, रसवंतीवरसुद्धा नेमक्या न सरकणाऱ्या रांगेत उभ्या राहायच्या. मी हसलो, की म्हणायच्या, "मी रांग अभ्यासतो कविराज. सरकली तर अभ्यास कसा होईन?"

त्यांच्या विभागात प्रवेशाची एक रीत होती, ती दुसरीकडे कुठं मी पाहिली नाही. मार्कलिस्ट त्या बघायच्या नाहीत. पोरांना सांगायच्या, "घरी जा. तुमच्या गावात असा एक प्रश्न शोधून आणा, का ज्याचं उत्तर कोणाजवळ नाही. मंग पाहू." पोरं आधी चक्रावायची, मग आणायची. कोणी आणायचा, "जीप भरल्याशिवाय निघत नाही, तर ती किती वाजता भरेल?" कोणी म्हणायचा, "लग्नात जेवायला नक्की किती लोक येतील?" मॅडम अशा प्रश्नावर दिवाळीच्या फराळावर तुटून पडावं तशा तुटून पडायच्या आणि दोन वर्षं त्याच प्रश्नाच्या आधारानं सगळं एम.एस्सी. शिकवायच्या.

या रीतीनंच एकदा अकोटात त्यांची फटफजिती झाली, तिची गोष्ट त्या स्वतःच सगळ्यांना सांगत. एका पोरानं प्रश्न आणला होता: कापसाच्या हंगामात जिनिंगच्या कारखान्याबाहेर ट्रॅक्टर तासन्‌तास उभे राहतात, ते कसं कमी करायचं? मॅडमनी पोरांना घड्याळं देऊन फाटकावर उभं केलं. हिशेब निघाला, की सगळे पहाटेच येऊन उभे राहतात आणि दुपारी फाटक मोकळं असतं. सोपं उत्तर! दुपारी या. मॅडमना इतका आनंद झाला, की पोरांकरवी त्यांनी तो निरोप गावोगावच्या व्हॉट्सॅप गटांवर पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सगळेच्या सगळे दुपारी आले.

रांग पार मोठ्या रस्त्यापर्यंत गेली. एसटी अडकली, वऱ्हाडाची एक बस अडकली, नवरदेव उतरून उसाचा रस पीत उभा. मॅडम आणि मी तिथं पोचलो, तर एका ट्रॅक्टरवाल्या दादांनी त्यांना ओळखलं.

"मॅडम, तुमीच सांगतलं होतं न, दुपारी या?"

"हो."

"सगळ्याईले सांगतलं?"

"हो न."

"सगळ्याईले कावून सांगतलं?"

मॅडमच्या चेहऱ्यावर लाज शोधत होतो मी. लाज कसली! बाई हरखल्या होत्या. "अहो दादा, मी धरून चाललो होतो का लोक आपलं ऐकत नाहीत! तीस वर्षांत पह्यल्यांदा कोणी माझं ऐकलं!" दादांनी कपाळाला हात लावला आणि मग तेही हसायला लागले. दुसऱ्या दिवशी मॅडमनी वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'लोक ऐकतात', आणि सगळं गणित पहिल्यापासून मांडायला घेतलं.

त्या फजितीमुळे अकोटात मॅडमचं नाव झालं, आणि त्या नावामुळेच पुढच्या वर्षी पल्लवी आली. बी.एस्सी. झालेली, किरकोळ अंगाची, बोलताना ओढणीचं टोक पिळणारी पोरगी. तिचा मळा अकोटाबाहेर. बाबा मळ्यात राबायचे आणि बाजारातलं भाजीचं दुकान आई चालवायची. दुकानात आईच्या जोडीला पल्लवीच बसायची. तिनं आणलेला प्रश्न असा: मेथीवर पाणी मारलं नाही तर ती सुकते, जास्त मारलं तर सडते, तर ऊन, वारा आणि गिऱ्हाइकी बघून पाणी कधी आणि किती मारायचं?

मॅडमनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. हे मी फार क्वचित पाहिलं होतं.

"कोणी सांगतला हा प्रश्न तुले?"

"कोणीच नाही. बसल्या बसल्या पडला."

"बसल्या बसल्या पडला," मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या. "पाहा कविराज. आपण एवढी वर्षं बसून हावो, आपल्याले पडला काय?"

पण प्रवेशाची तारीख आली आणि पल्लवी आली नाही. मॅडमनी फोन लावला. आईनं नाही म्हटलं होतं. तेव्हा रविवारी आम्ही दोघं अकोटला गेलो. म्हणजे मॅडम गेल्या. मी तमाशा बघायला गेलो.

पल्लवीची आई, गोदाबाई, दुकानात पोत्यावर मांडी घालून बसलेली. कपाळावर ठसठशीत कुंकू, हात सतत चालू. तिनं आम्हाला बसा म्हटलं, पण बसायला जागा नव्हती, म्हणून आम्ही वांग्यांच्या क्रेटवर टेकलो.

"पोरगी हुशार हाय," मॅडम म्हणाल्या.

"माहीत हाय. माहीच हाय."

"मंग शिकू द्या न तिले."

"शिकून काय होते, ते तुमीच सांगा. तुमी खरं सांगता म्हणतात."

झाली पंचाईत! आता मॅडम बंद दारांची यादी वाचणार, हे मला कळलं, आणि मी खोकलोसुद्धा. काही उपयोग झाला नाही. नेट-सेट, तासाची नोकरी, विमा, केस, सगळं झालं. गोदाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे दोन वर्षं मी एकटी बसू, अन् दोन वर्षांनी पोरगी येऊन पुन्हा याच पोत्यावर बसन. मंग तिले कायले पाठवू बाई? आजच बसू द्या."

"नाही बसणार."

"अन् बसली तर?"

"तर तिच्या जागी मी येऊन बसतो," मॅडम म्हणाल्या. "तिनं तिकडे खटपट करावी, मी अठी भाजी विकतो. ही माही हमी."

मला वाटलं, बाईनं जरा नाटकी बोलून बाजी मारली. आपल्यात असं बोलतातच. गोदाबाईनं मात्र गवारीची रास हलवता हलवता मॅडमकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "बरं. शब्द झाला." पाठीमागे उभ्या असलेल्या पल्लवीनं ओढणीचं टोक सोडलं.

दोन वर्षं पोरीनं झडझडून अभ्यास केला. पहिला वर्ग मिळवला. मेथीच्या प्रश्नावर तिनं जो प्रबंध लिहिला, त्यातली एक ओळ मला समजली नाही, पण वाचताना भूक लागली एवढं खरं. आणि मग मॅडमनी सांगितलेली बंद दारं एकेक करून खरोखरच बंद निघाली. नेट थोडक्यात हुकली. पुण्याच्या कंपनीनं मुलाखतीत प्रोग्रामिंग विचारलं, तिथं ती अडखळली. तासावर शिकवायचं काम एका कॉलेजात होतं, ते कोणा आतल्या माणसाला मिळालं. पावसाळा सरता सरता पल्लवी अकोटला परत गेली. आईच्या शेजारी, पोत्यावर.

ही बातमी मॅडमना मीच दिली. त्यांनी पिशवीतून खडू काढून मोजल्यासारखे केले, परत ठेवले. मी समजूत घालू लागलो, "मॅडम, तुम्ही तर आधीच सगळं खरं सांगितलं होतं."

"सांगतलं होतं. हमीबी दिली होती. तेबी खरंच होतं न?"

त्या रविवारी त्या अकोल्याहून पहिल्या एसटीनं अकोटला गेल्या. मीही गेलो, आता तमाशा बघायला नाही, थांबवायला. दुकानापुढे उभं राहून मॅडम पल्लवीला म्हणाल्या, "ऊठ. ही माही जागा हाय."

पल्लवी उठेना. रडायला लागली. "मॅडम, असं नका करू न. लोक काय म्हणतीन?"

"लोक म्हणतीन, मेथी काय भाव." त्यांनी घराची किल्ली तिच्या हातात ठेवली. "अकोल्याले जा. घरी कम्प्युटर हाय, नेट हाय, कोणी आवाज द्याले नाही. प्रोग्रामिंग शीक. डब्यात लाडू हायेत."

"अन् तरी नाही झालं तर? तुमी किती दिवस बसान?"

"तो माहा प्रश्न हाय. तू तुहा सोडव."

गोदाबाईनं पोरीकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, आणि पोत्यावर अंग चोरून जागा करून दिली.

असं ते सुरू झालं. रविवारी आणि सुट्यांमध्ये मॅडम अकोल्याहून अकोटला, पल्लवी अकोटहून अकोल्याला. दोघींच्या गाड्या वाटेत कुठंतरी एकमेकींना ओलांडायच्या. महिनोन्‌महिने त्या एकमेकींना धड भेटल्या नाहीत. फक्त मॅडम घरी परतल्या की स्वयंपाकघरात झाकून ठेवलेली भाकरी असायची, आणि कम्प्युटरवर चिकटवलेली एखादी चिठ्ठी: 'मॅडम, आज प्रोग्राम चालला.' किंवा, 'मॅडम, लाडू संपले.'

दुकानदार म्हणून मॅडम भयानक होत्या. गिऱ्हाइकानं वांगं उचललं, की आपण होऊन सांगायच्या, "हे कालचं हाय, त्या ढिगातलं घ्या." गोदाबाई हताश होऊन म्हणायची, "मॅडम, खोटं बोला म्हणत नाही मी. पण कोणी विचारलं नाही, तर कावून सांगता हो?" सुट्टे देताना तर त्या हमखास चुकायच्या. "मी अप्लाइड हावो," म्हणायच्या, "बेरजा दुसरे करतात." दोघींची दिवसभर जुगलबंदी चालायची आणि शेजारचे दुकानदार आपली गिऱ्हाइकं सोडून ती ऐकायचे.

मात्र एक फायदा झाला. मॅडम बसतात हे कळल्यावर त्यांचे जुने विद्यार्थी भाजीला यायला लागले. मॅडमपुढे घासाघीस करायची कोणाची छाती होणार? मागितलेला भाव मुकाट्यानं देऊन, वर नमस्कार करून जायचे. गोदाबाईला हा प्रकार फार आवडला. "तुमचे पोट्टे सोन्यासारखे हायेत हो मॅडम. अजून कोणाले शिकवलं असन तर सांगा न."

प्राचार्यांना पत्ता लागलाच. मॅडमच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून कॉलेजच्या प्रतिष्ठेवर एक छोटं व्याख्यान दिलं. मॅडमनी ते पूर्ण ऐकलं, आणि म्हणाल्या, "सर, तुमी धरून चाला का मी तठी नाहीच."

उन्हाळा आला तरी पल्लवीचं काही जमेना. आणखी दोन ठिकाणांहून नकार आला. एका रविवारी गोदाबाईच माझ्याशी बाजूला येऊन बोलली. "सर, तुमी सांगा बाईले. ऊन किती हाय. माहा शब्द मी परत घेतला म्हणा." मी तसं सांगितलं. मॅडमनी पदरानं मान पुसली. "शब्द तिचा थोडी हाय परत घ्याले? माहा हाय."

आणि मग पल्लवीचा फोन आला. मॅडम तेव्हा दुकानातच होत्या. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला, कारण हात मातीचे होते.

"मॅडम, झालं! सेमाडोहले! जंगलात वाघाईचा अभ्यास चालू हाय, तठी घेतलं मले. झाडाईले कॅमेरे लावतात. ज्या वाघाचा फोटो निघाला, तो मोजता येते. ज्याचा निघाला नाही असे किती असतीन, ते गणितानं काढाचं हाय. प्रोग्राम मीच लिहाचा. अन् याच्यावरच पुढे पीएच.डी. करता येते म्हणतात!"

मॅडमनी हात पदराला पुसले. गोदाबाई मात्र फोनवर वाकली.

"काय व? न दिसलेले वाघ मोजाचे?"

"हो आई."

"अन् त्याचा पगार देतात?"

"हो न आई."

गोदाबाईनं पदर नीट खोवला. मग मॅडमना म्हणाली, "बाई, एवढा मोठा स्कोप हाय, तर हे तुमी तवा क्रेटवर बसून कावून नाही सांगतलं?"

"मले कुठं माहीत होतं," मॅडम म्हणाल्या आणि पाठ फिरवून उगाच गवार निवडू लागल्या.

सध्या मॅडम लेकीकडे नाशिकला असतात आणि फोन उचलत नाहीत. उचलला तर "धरून चालू का बोलणं झालं" म्हणून ठेवून देतात. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे राहिलं आहे ते पल्लवी निघाली त्या दिवसाचं चित्र. पोळ्याआधीचा रविवार, बाजार माणसांनी फुललेला. पल्लवी बॅग घेऊन दुकानावर आली. परतवाड्याची गाडी धरून तिला पुढे सेमाडोहला जायचं होतं. मॅडमच्या भोवती गिऱ्हाइकांचं कडं. ती त्यातूनच वाट काढून पाया पडायला वाकली.

"गिऱ्हाईक उभं हाय अन् पाया कायले पडते? जाय, गाडी जाईन."

"मॅडम..."

"तठी गेल्यावर स्वेटर घालजो. थंडी असते." मग गोदाबाईकडे वळून, "तुमी जा न गाडीपर्यंत तिच्यासंगं. दुकान मी पाहतो."

गोदाबाई घुटमळली. बाजाराचा असा दिवस, आणि दुकान या बाईच्या हाती! पण तिनं कमरेची पैशांची पिशवी सोडली, मॅडमच्या मांडीवर ठेवली आणि लेकीची बॅग उचलून गर्दीत शिरली. मला मॅडमनी कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला बसवलं. त्या दिवशी मॅडमनी कोणालाही काही आपण होऊन सांगितलं नाही. तोलत होत्या, देत होत्या, पैसे घेत होत्या.

थोड्या वेळानं बाजाराच्या टोकाशी परतवाड्याची गाडी हॉर्न वाजवत वळली. मॅडम उठून उभ्या राहिल्या. पोत्यावरच, हातात पारडं तसंच धरून, टाचा उंचावून. त्या बघतात म्हणून गिऱ्हाइकंही वळून बघायला लागली. शेजारचा लसूणवाला उठला, त्याचीही गिऱ्हाइकं वळली. कशाकडे बघायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण सगळी रांग माना उंच करून त्या गाडीकडे बघत होती. खिडकीतून एक हात बाहेर आला, हलला आणि गाडी वळणाआड गेली.

"कोण गेलं हो?" एका बाईनं विचारलं.

"दुकानवाली," मॅडम म्हणाल्या, आणि खाली बसून वजनं शोधू लागल्या.